ट्रक अडखळतोय म्हणून सेन्सर्ड मोटर घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीत रिमोटवर चालणारा १/१० मापाचा, चारही चाकं ओढणारा खेळण्यातला ट्रक घेतला. आत ३३०० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेऱ्यांची), चार पोलची म्हणजे चुंबकाच्या चार ध्रुवांची सेन्सरलेस मोटर, मोटरला करंट देऊन तिचा वेग सांभाळणारी ६० अँपिअरची ईएससी आणि दोन सेलची लिपो बॅटरी. वेग वाढावा म्हणून मोटरच्या शाफ्टवरची छोटी गिअर, म्हणजे मूळची १३ दातांची पिनियन, काढून १७ दातांची बसवली. गाडी सोसायटीमागच्या गवताच्या मैदानात चालते. उभ्या गाडीला हलकेच ट्रिगर दिला की चाकं जागच्या जागी थरथरतात, मोटरमधून टकटक आवाज येतो आणि मग गाडी एकदम उडी मारते. दुकानदार म्हणतो, सेन्सर्ड मोटर, म्हणजे आतला चुंबक कुठे आहे ते सांगणारे सेन्सर असलेली, बसवा, दोष जाईल. शिवाय पुढच्या महिन्यात दगडांवर चढणारा क्रॉलर घ्यायचा विचार आहे, त्यालाही सेन्सर्डच घ्यावी का?

ट्रकसाठी आत्ता नको, क्रॉलरसाठी घ्या. उत्तरं दोन येतात, कारण सेन्सरचं खरं काम मोटर थांबलेली असताना आणि त्यानंतरच्या पहिल्या काही फेऱ्यांपुरतंच असतं. त्या फेऱ्या झाल्या की मैदानात पळवायच्या गाडीत सेन्सर आहे की नाही हे हातातल्या रिमोटवरून निदान मला तरी ओळखता येत नाही. तुमचा ट्रक एका चार्जमध्ये किती वेळ त्या पहिल्या फेऱ्यांत असतो? सगळा मिळून मिनिटभरही नसेल. क्रॉलर मात्र बॅटरी संपेपर्यंत तिथेच घुटमळत असतो.

आता हे असं का, ते सांगतो. तुमच्या मोटरसारख्या ब्रशलेस मोटरमध्ये बाहेर तारेची तीन गुंडाळणं असतात आणि मध्ये शाफ्टवर चुंबक. ईएससी एका वेळी तीनपैकी दोन वायरींतून करंट सोडते, तिसरी त्या क्षणी मोकळी असते. जोड्या ठरावीक क्रमाने बदलत राहिल्या की चुंबक त्यांच्या मागे ओढला जातो. अशा सहा पायऱ्या झाल्या की विजेच्या हिशेबाने एक फेरी पूर्ण. दोन पोलच्या मोटरमध्ये एक पायरी म्हणजे शाफ्टचे ६० अंश, तुमच्या चार पोलच्या मोटरमध्ये ३० अंश. म्हणजे चुंबक आत्ता कुठे तोंड करून उभा आहे हे कळल्याशिवाय कोणत्या जोडीला करंट द्यायचा हे ठरवताच येत नाही.

अंधारात सायकलवर बसून बघा. पेडल कुठे आहे दिसत नाही. पाय ठेवला आणि पेडल नेमकं तळाला असेल तर कितीही जोर लावा, सायकल हलणार नाही. मागच्या बाजूला असेल तर पेडल उलटं फिरेल. पाय चाचपडत दोन-तीनदा मारावा लागतो. सायकल एकदा चालू लागली की मात्र डोळे मिटूनही पायाला पेडल कळतं. सेन्सरलेस ईएससीची स्थिती हीच. ती अंदाजाने एका जोडीला करंट देते, चुंबक हलला का ते बघते, नसेल तर पुन्हा देते. तुम्हाला ऐकू येणारी टकटक म्हणजे हे चाचपडणं. चाक कधी कधी किंचित मागेही जातं, तेही त्यामुळेच.

चालत्या मोटरमध्ये तिला कळतं कसं? फिरणारा चुंबक मोकळ्या वायरीत स्वतःचं व्होल्टेज तयार करतो. त्याला बॅक ईएमएफ म्हणतात. हे व्होल्टेज मधली रेषा ओलांडतं तो क्षण ईएससी पकडते आणि तिथून हिशेब करून पुढची जोडी लावते. अडचण एवढीच की हे व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात असतं. ३३०० केव्हीची मोटर म्हणजे मिनिटाला ३३०० फेऱ्यांना साधारण एक व्होल्ट. मिनिटाला ३३० फेऱ्यांना उरला एक दशांश व्होल्ट. एकूण गिअर दहास एक, म्हणजे मोटरच्या दहा फेऱ्यांना चाकाची एक, असा धरला आणि टायर ११ सेंटिमीटरचं, तर त्या वेळी तुमचा ट्रक ताशी पाऊण किलोमीटरनेही चालत नसतो. त्याच वायरींवर ईएससी साडेसात-आठ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत असते. त्या गोंगाटातून एक दशांश व्होल्ट ऐकायचा. आणि मोटर पूर्ण थांबलेली असेल तर ऐकायला काहीच नाही, शून्य.

उलट टोकाला, पूर्ण थ्रॉटलवर ७.४ व्होल्टला तीच मोटर बिनभाराची मिनिटाला चोवीस हजारांवर फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला चारशेच्या वर. चार पोल धरले तर ईएससीला सेकंदाला जवळजवळ ५,००० वेळा जोडी बदलावी लागते. तिथे बॅक ईएमएफ एवढा ठसठशीत असतो की सेन्सरची गरजच उरत नाही. ड्रोन आणि विमानांत सेन्सर का दिसत नाहीत तेही यातच आलं. पंख्याला सुरुवातीला काही भार नसतो, हवा त्याला वेग वाढल्यावर अडवते. गवतात उभ्या असलेल्या दोन-अडीच किलोच्या ट्रकचं तसं नाही, त्याचा सगळ्यात जड क्षण हा पहिलाच.

सेन्सर्ड मोटरमध्ये मागच्या झाकणाशी एक छोटी गोल पट्टी असते, तिच्यावर तीन हॉल सेन्सर. समोर चुंबकाचा उत्तर ध्रुव आहे की दक्षिण, एवढंच प्रत्येक सेन्सर हो-नाहीमध्ये सांगतो. तीन सेन्सर म्हणजे आठ शक्यता, त्यातल्या तिन्ही हो आणि तिन्ही नाही या दोन कधी यायलाच नकोत. उरलेल्या सहा म्हणजेच त्या सहा पायऱ्या. मोटर जागेवर उभी असतानाही ईएससीला पेडल कुठे आहे ते माहीत असतं, म्हणून पहिला पाय बरोबर पडतो. सेन्सरच्या केबलमध्ये सहा बारीक वायरी असतात. काळी ग्राउंड, लाल पाच व्होल्ट, हिरवी, पांढरी आणि नारिंगी तीन सेन्सरच्या, आणि निळी मोटरचं तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरची. अमेरिकेतल्या रोअर या रेसिंग संघटनेच्या नियमांत ही रचना ठरलेली असल्यामुळे एका कंपनीची मोटर दुसरीच्या ईएससीवर सहसा चालते.

एक शब्द जाता जाता. अडखळण्याला आपण सगळे कॉगिंग म्हणतो, मीही म्हणतो. खरं कॉगिंग वेगळं. वायरी न जोडलेल्या मोटरचा शाफ्ट बोटांनी फिरवला की मध्ये मध्ये अडल्यासारखं लागतं, चुंबक लोखंडी दातांना चिकटतो त्याचं ते. ते सेन्सर्ड मोटरमध्येही असतं आणि दोष नव्हे. दुकानात शाफ्ट फिरवून "ही अडकते, दुसरी द्या" म्हणणारे मी पाहिलेत.

आता तुमच्या ट्रककडे वळतो. दोष कुठे आहे ते तुम्ही प्रश्नातच लिहून ठेवलंय, १७ ची पिनियन. १३ वरून १७ वर गेल्यावर मोटरला तेच गवत सुमारे ३० टक्के जड लागतं. गाडीच्या जडत्वाचा हिशेब तर वर्गाने वाढतो, तो सुमारे ७० टक्के. चाचपडत मारलेल्या पहिल्या पायाने हलेल एवढीच गाडी मोटरसाठी हलकी असावी लागते, नाहीतर चुंबक मागे राहतो, ईएससी पुढची जोडी लावून मोकळी होते आणि दोघांची चुकामूक होते. शिवाय थांबलेल्या मोटरमध्ये बॅक ईएमएफ नसल्यामुळे करंटला अडवायला फक्त तारेचा रेझिस्टन्स असतो, आणि तो अगदी नगण्य. म्हणून अडखळणारी गाडी ट्रिगर दाबून धरून चालवायचा हट्ट करू नका. त्या थरथरीत ईएससी पळण्यापेक्षा जास्त तापते.

आज संध्याकाळी एवढं करा. १३ ची पिनियन परत बसवा. मेश, म्हणजे दातांतलं अंतर, लावताना पिनियन आणि तिला लागणारी मोठी गिअर, स्पर, यांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, कागद फिरवून बाहेर काढा. कागदावर दातांची नक्षी उठली पाहिजे, पण तो फाटता कामा नये. मग गाडी फरशीवर चालवा, गवतात नाही. फरशीवर सुरळीत निघाली आणि गवतात अडखळली तर भार हेच कारण. फरशीवरही अडखळली तर पुढे वाचा.

बॅटरीचा प्लग बघा. स्वस्त सेटमध्ये अजून तो पांढरा टॅमिया पद्धतीचा प्लग येतो. ब्रशच्या मोटरला तो पुरत होता, ब्रशलेसच्या पहिल्या झटक्याला नाही. दोन-चार वेळा गाडी पळवून प्लग हाताला कोमट लागला तर तो कापून जास्त करंट झेलणारा एक्सटी ६० प्लग लावा. लिपोवर छापलेल्या सी रेटिंगवर, म्हणजे ती किती करंट देऊ शकते त्या आकड्यावर, माझा फारसा विश्वास नाही. कुणाची तरी चांगली बॅटरी तासभर मागून घ्या आणि त्याच गाडीत लावून बघा. जुन्या फुगलेल्या बॅटरीचं व्होल्टेज पहिल्या झटक्याला कोसळतं, ईएससीचा कटऑफ लागून करंट तुटतो, आणि ते हुबेहूब कॉगिंगसारखं दिसतं.

त्यानंतर मोटरच्या तीन जाड वायरी. याची गोष्ट सांगतो. मागे एक ओळखीचा मुलगा त्याचा शॉर्ट कोर्स ट्रक घेऊन आला. सेन्सरलेसला कंटाळून त्याने नवा सेन्सर्ड सेट बसवला होता आणि गाडी आधीपेक्षा जास्त थरथरत होती. मी त्या वायरींच्या टोकांचे गोळीसारखे जोड, म्हणजे बुलेट कनेक्टर, एकेक करून अंगठ्याने वाकवत गेलो. तिसऱ्याला हात लावला आणि मोटर गप्पकन सुरळीत झाली, सोडला की पुन्हा थरथर. वरची प्लास्टिकची नळी ब्लेडने कापली तर आत सोल्डरचा राखाडी, दाणेदार गोळा. वायर त्यात नुसती रुतून बसलेली, चिकटलेली नाही. बुलेट पुरेसा तापवलाच नव्हता, सोल्डर वरून ओतलं होतं. जुन्या सेटवरही त्यानेच, त्याच पंचवीस वॉटच्या सोल्डरगनने जोड दिले होते. तीनपैकी एक फेज, म्हणजे एक जाड वायर, सुटली की मोटर फिरत नाही, जागच्या जागी हिसके देते, मग सेन्सर असो वा नसो. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, ते असं. साठ वॉटची गन, बुलेट लाकडाच्या भोकात उभा, आधी वायरीला सोल्डर पाजायचं, मग बुलेटमध्ये. चकचकीत दिसला तर जोड झाला.

ईएससीच्या सेटिंगमध्ये पंच किंवा स्टार्ट मोड, म्हणजे सुरुवात किती जोरात व्हावी ते, असतो, तो दोन पायऱ्या बदलून बघा. हलक्या गाडीला मऊ सुरुवात बरी वाटते, जड गाडीला कधी कधी जरा जोरकस सुरुवातच मोटरला पहिल्या फेरीच्या पलीकडे नेते. टायमिंग, म्हणजे जोडी किती आधी बदलायची ते, असेल तर ते खाली आणा. आणि चालवण्याची एक सवय: सेन्सरलेस गाडीला मुंगीच्या पावलाने निघायला लावू नका. ट्रिगर ठामपणे थोडा दाबा, गाडी सुटली की सोडा. पंधरा मिनिटांत बोट शिकतं.

एवढं करूनही किंचित टकटक उरेल. ती सेन्सरलेसची जात आहे, तेवढी चालवून घ्यायची.

क्रॉलरचं गणित वेगळं. पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या काळ्या दगडात क्रॉलर चालवताना मी सेकंदाला अर्धा वीत पुढे जातो, थांबतो, पुढचं चाक कडेवर टेकवतो, पुन्हा वीतभर. दर वेळी मोटर शून्यावरून निघते, तीही चाक दगडाला भिडलेलं असताना. तिथे सेन्सरलेसची ती उडी म्हणजे गाडी उताणी. एखाद्या कडेवर पाव फेरी हवी असताना मोटर आधी पाव फेरी मागे गेली तर दहा मिनिटांची चढण वाया. क्रॉलरमध्ये सेन्सरलेस घालून नंतर पस्तावलेले बरेच भेटतात, उलट पस्तावलेला मला अजून भेटलेला नाही.

पैसे कमी असतील तर मात्र क्रॉलरला साधी ब्रशची मोटर घ्या, ३५ किंवा ५५ टर्नची, म्हणजे तारेच्या तेवढ्या वेढ्यांची. हे ऐकून लोक नाराज होतात, ब्रश म्हणजे जुनं असं वाटतं. पण ब्रशच्या मोटरमध्ये कम्युटेटर शाफ्टवरच बसलेला असतो, म्हणजे कोणत्या गुंडाळणाला कधी करंट द्यायचा हे शाफ्टच्या स्थितीनेच ठरतं. ब्रश हाच तिथला सेन्सर आणि तोच स्विच. म्हणून ती शून्यापासून लोण्यासारखी निघते. ब्रश झिजतात, काजळी होते, पाण्यात लवकर मरतात, हे खरं. पण मोटर स्वस्त आहे. मधल्या दर्जाच्या सेन्सरलेसपेक्षा मी क्रॉलरला ती केव्हाही पसंत करतो.

हात सैल असेल तर एफओसी पद्धतीचे सेट बघा. साधी ईएससी सहा पायऱ्यांत धक्के देत मोटर फिरवते, एफओसी तिन्ही वायरींत करंट सतत कमी-जास्त करत गोलाई आणते. हॉबीविंगच्या फ्युजन मालिकेत मोटर आणि ईएससी एकाच डब्यात येतात, त्यामुळे बाहेर लोंबणारी सेन्सर केबलच नसते. क्रॉलरसाठी मला हा त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, गुळगुळीतपणाहूनही. तोटा असा की एक भाग गेला की दोन्ही गेले.

उतारावर थांबण्याबद्दल दुकानात बऱ्याच बाता मारतात, म्हणून एक प्रयोग घरी करा. सुट्या ब्रशलेस मोटरच्या तिन्ही वायरींची टोकं एकत्र चिमटीत धरा आणि शाफ्ट फिरवा. मधात फिरवल्यासारखा जड लागेल. साध्या ईएससीचा ड्रॅग ब्रेक म्हणजे हेच. पण शाफ्ट अगदी हळू फिरवला तर तो फारसा अडत नाही, कारण ही अडवणूकही वेगाच्या प्रमाणात आहे. म्हणून साध्या ब्रेकवर, सेन्सर असला तरी, उभ्या उतारावरची गाडी गोगलगायीसारखी खाली सरकत राहते. गिअर आणि मोटरचं मघाशी सांगितलेलं खरं कॉगिंग तिला थोडं धरतं, एवढंच. एफओसीच्या सेटमध्ये ईएससी सेन्सरवरून चुंबक किती सरकला ते बघते आणि उलट करंट देऊन त्याला जागेवर ओढून धरते. तिथे गाडी खरोखर खिळते. मात्र बॅटरी खर्च होत असते आणि मोटर तापत असते, दगडावर गाडी टांगून फोटो काढत बसू नका.

सेन्सर्ड घेतलीत की एक नवं दुखणं घरात येतं, ती बारीक केबल. माझा स्वतःचा क्रॉलर एकदा अर्ध्या चढणीवर पिसाळला. पुढे दिला की हिसका, सोडला की ठीक, पुन्हा हिसका. घरी आणून उलटा केला तर सेन्सरची केबल मागच्या ड्राइव्ह शाफ्टवर घासत होती. वरचं आवरण गेलेलं, पांढरी वायर एका केसावर लटकलेली. गाडी हलली की जोड लागायचा आणि सुटायचा. पूर्ण तुटलेली केबल परवडली. बऱ्याच ईएससी केबल नसेल तर आपोआप सेन्सरलेस होतात, काही दिवा लुकलुकवून थांबतात. पण अर्धी तुटलेली केबल मधूनच खोटं बोलते, आणि ईएससी त्या खोट्यावर विश्वास ठेवून चुकीच्या जोडीला करंट देते. म्हणून मैदानात असं झालं तर पहिली गोष्ट, बॅटरी काढून सेन्सर केबल उपसून टाका आणि पुन्हा चालवा. पिसाट हिसके जाऊन साधी सेन्सरलेस टकटक उरली, तर दोष केबलचा किंवा सेन्सरचा. काहीच फरक पडला नाही तर पुन्हा जाड वायरींकडे या.

केबल की सेन्सर, हे टेबलावर कळतं. पिनियन मोटरवरून काढा. रिमोट चालू, गाडी चालू, केबल जोडलेली, ट्रिगरला हात नाही. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर. काळ्या प्रोबला एक शिवणाची सुई बांधा आणि मोटरच्या बाजूच्या प्लगमध्ये मागून काळ्या वायरीच्या छिद्रात घाला, दुसरी सुई लाल प्रोबला. लाल वायरीवर पाच व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. आता लाल प्रोब हिरवीवर आणि शाफ्ट बोटांनी सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळून पाचाजवळ उडी मारेल आणि परत येईल, काही ईएससीत वरचा आकडा पाचापेक्षा कमी असतो. दोन पोलच्या मोटरला एका फेरीत एकदा वर एकदा खाली, चार पोलला दोनदा. पांढरी आणि नारिंगीलाही तसंच. एखादी कायम वर किंवा कायम खाली अडकली तर केबल बदलून पुन्हा मोजा. तरीही तसंच तर मोटरमधली पट्टी गेली. दोन सुया एकमेकींना टेकू देऊ नका, पाच व्होल्ट आणि ग्राउंड भिडले तर नवी ईएससी घ्यावी लागेल. तापमानाच्या वायरीसाठी केबल ईएससीतून काढून निळी आणि काळीमधला रेझिस्टन्स मोजा. २५ अंशांना तो १० किलोओहमच्या आसपास असतो, मोटर तापली की उतरतो.

आणि एक चूक जी मी केलीय. सेन्सरलेस मोटर उलटी फिरली तर कोणत्याही दोन जाड वायरी अदलाबदल करायच्या, दिशा बदलते. वर्षानुवर्षं हे केल्यावर पहिली सेन्सर्ड मोटर बसवली, ती उलटी फिरली, हात सवयीने दोन वायरींकडे गेला. सेन्सर सांगतोय एक, वायरी करतायत दुसरं. मोटर एकदा गुरगुरली आणि ईएससीतून पांढरा धूर. चूक शंभर टक्के माझी. मोटरच्या झाकणावर ए, बी, सी छापलेलं असतं, ईएससीवरही असतं, ए ला ए, बी ला बी, सी ला सी. दिशा बदलायची तर ईएससीच्या सेटिंगमधून.

झाकणावर अंशांच्या खुणा आणि ते फिरवायची सोय दिसली तर ते टायमिंग. झाकण फिरवलं की आतली सेन्सरची पट्टी फिरते, म्हणजे ईएससीला बातमी थोडी आधी मिळते. वेग वाढतो, उष्णताही वाढते. केबल काढून चालवत असाल तर ते झाकण कितीही फिरवा, काही होत नाही, ही गंमत अनेकांना माहीत नसते. रेसिंगवाल्यांचं सगळं राजकारण या टायमिंगभोवती फिरतं. त्यांच्या १७.५ आणि १३.५ टर्नच्या वर्गांत ईएससीने आतून टायमिंग वाढवू नये असा नियम असतो, आणि ते पाळलंय हे दाखवायला ईएससीचा दिवा लुकलुकत ठेवतात, म्हणून त्याला ब्लिंकी म्हणतात. तुमच्या मैदानाशी याचा संबंध नाही. टेकिन आणि कॅसलच्या काही ईएससी सेन्सरवर सुरुवात करतात आणि वेग आला की सेन्सर सोडून बॅक ईएमएफवर जातात. दोन्हीकडचं चांगलं घ्यायची ती रीत मला पटते, पण भाव बघूनच.

पावसाचं सांगायला हवं, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत तुम्ही गाडी कपाटात ठेवणार नाही हे मला माहीत आहे. सेन्सरलेस मोटरला पाण्याचं फारसं सोयरसुतक नाही, आतली तार वार्निशची असते, फक्त बेअरिंग गंजतात. सेन्सर्डमध्ये मात्र ती पट्टी आणि सहा पिनांचा प्लग असतो, आणि चिखलाचं पाणी प्लगमध्ये वाळलं की पिनांवर हिरवट थर येतो. प्लगमध्ये थोडं सिलिकॉन ग्रीस भरा, केबल मोटरजवळ झिप टायने बांधा म्हणजे प्लगवर ओढ येणार नाही, आणि प्लग काढताना वायर धरून नाही, प्लगच्या कडेला नख लावून. ट्रक चिखलात घालायचा असेल तर हे आणखी एक कारण सेन्सरलेस ठेवण्याचं.

शेवटी दुकानदाराने सांगितलेलं "सेन्सर्ड मोटर बसवा" तपासून घ्या. नुसती सेन्सर्ड मोटर तुमच्या ईएससीवर चालेल, पण त्या ईएससीला सहा पिनांचं तोंडच नसेल तर मोटर सेन्सरलेस म्हणूनच चालणार, टकटक तशीच. पैसे गेले, मोटर बदलली, दोष जिथल्या तिथे. उलट सेन्सर घेणारी ईएससी आधी घेतली तर तशा बहुतेक ईएससी तुमची आत्ताची मोटरही सेन्सरलेस म्हणून चालवतात. म्हणजे कधीतरी बदलायचंच ठरलं तर आधी ईएससी, नंतर मोटर. घेताना तिच्या माहितीपत्रकात दोन्ही प्रकार लिहिलेत का ते वाचा. क्रॉलरचा सेट घ्याल त्याच दिवशी सेन्सरच्या दोन जास्तीच्या केबलही घ्या, एक लहान, एक लांब. आपल्याकडच्या दुकानांत मोटर सहज मिळते, ती केबल नाही, आणि मागवली तर यायला जेवढे दिवस लागतात तेवढे दिवस गाडी फळीवर.